बारा महिने घरी

डीकन मेब्रीने दोन्ही हात टेबलावरून पुढे केले, तळवे वर. लव्होनिया टिस्डेलने मांडीवरच्या पर्सवरचे आपले हात हलवले नाहीत.

"आधी प्रार्थना करू, सिस्टर. मग बोलू."

"आधी बोलू."

तो हसला. तोंडातली पेपरमिंटची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. त्या गोळीचा वास टेबल ओलांडून तिच्यापर्यंत आला. तीन वर्षं हाच वास आपल्याला देवघरातल्यासारखा वाटत होता, हे आठवून तिने तोंड फिरवलं.

मेब्री चर्चमध्ये पाळकांचा मदतनीस, डीकन; त्याचं ऑफिस म्हणजे पूर्वीचं कपडे धुण्याचं दुकान. भिंतीतून बाहेर आलेली नळांची बंद तोंडं अजून तशीच होती. जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथे रांग लागे. अर्धं चर्च आपलं कराचं विवरण त्याच्याकडूनच भरून घेई, कारण मेब्री बाकीच्यांसारखा नुसती बटणं दाबत नसे. सगळे आकडे भरून झाले की तो संगणकाचा पडदा स्वतःकडे थोडा वळवायचा, समोरच्याचे दोन्ही हात हातात घ्यायचा आणि डोळे मिटायचा. मग प्रार्थना. तुमच्या गुडघ्यासाठी, तुमच्या गेलेल्या नवऱ्यासाठी, तुमच्या वाट चुकलेल्या मुलासाठी. एकेकाचं नाव घेऊन. नावं त्याला सगळी पाठ. 'आमेन' होईस्तोवर समोरचं माणूस रडलेलं असे. मग कागद पुढे यायचा, आणि कागदावर त्याचं बोट. इथे सही. अशा प्रार्थनेनंतर कोण पर्समधून चष्मा काढून वाचत बसणार? वेदीसमोर उभं राहून नोटा उजेडात धरून बघण्यासारखंच ते.

लव्होनियाने पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही भरलंत. माझा मुलगा टेरेल माझ्या घरात राहतो, अपंग आहे, त्याला मी सांभाळते. तीन वर्षं हेच लिहिलंय तुम्ही."

"कोण म्हणतं मी लिहिलं?"

"मग कोणी?"

मेब्रीने चष्मा नाकावर सारला आणि कागदाच्या तळाशी एका रिकाम्या चौकोनावर नख टेकवलं.

"हे वाच. तयार करणाऱ्याचं नाव. काय लिहिलंय?"

"काही नाही."

"काही नाही. आणि ह्याच्यावर सही कुणाची? माझी?" तो मागे टेकला. खुर्ची कुरकुरली. "कायदा मी नाही केला, सिस्टर. ज्याची सही त्याचा कागद. मी आपली मदत केली, धर्माची बहीण म्हणून."

"पन्नास डॉलर घेऊन."

"शाईला पैसे पडतात."

"टेरेल टोलेडोला असतो. धडधाकट आहे. तुम्हाला ठाऊक होतं. दर वर्षी तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करत होता, 'तो जिथे असेल तिथे' म्हणून."

"धडधाकट?" मेब्रीने मान तिरकी केली. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची दया होती आणि तेच सगळ्यांत घाण होतं. "सहा वर्षं ज्याला आईला एक फोन करता येत नाही, त्याला अपंग नाही तर काय म्हणायचं गं?"

लव्होनिया उठली. उठताना तिची खुर्ची मागच्या नळाला लागली.

"आणि एक," तो मागून शांतपणे म्हणाला, "त्याच्या नावावर वाढलेल्या रिफंडचा चेक वटवताना नाही आलीस विचारायला. आता मंडळीत बोभाटा करू नकोस. चर्चचं नाव जाईल."

बाहेर पाइनच्या झाडांचा पिवळा पराग सगळ्या मेकन शहरभर पसरला होता, गाड्यांवर, पायऱ्यांवर, लोकांच्या खांद्यांवर. तिने गाडीची काच पुसायला रुमाल काढला आणि काच न पुसता आपला उजवा हातच पुसत राहिली. आज तर मेब्रीने हात हातात घेतलाही नव्हता.

टेरेलचा फोन गेल्या गुरुवारी आला होता. ती शाळेच्या स्वयंपाकघरात ताटं विसळत होती. सहा वर्षांनी.

"आई, मी."

तिला दुधाच्या उपड्या क्रेटवर बसावं लागलं. आता काय बोलावं ह्याची तिने सहा वर्षं तयारी केली होती, पण त्याने बोलू दिलं नाही.

"यंदा मी पहिल्यांदा नीट नोकरीचं विवरण भरलं. ते परत आलं. कुणीतरी मला आपल्या घरात दाखवलंय म्हणे. अपंग म्हणून. ते कुणीतरी तू आहेस का?"

मागे एका बाईचा आवाज आला आणि त्याने फोनवर हात ठेवला. मग पुन्हा:

"सहा वर्षांमागे तू भर चर्चमध्ये उभी राहून माझं नाव घेतलंस. पितो म्हणालीस, पर्समधनं पैसे काढतो म्हणालीस, ह्याच्यासाठी प्रार्थना करा म्हणालीस. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो, आई. आता हे. माझं नाव तू असं किती वेळा वापरायला देणारेस लोकांना? तुला ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच सांग."

"मी विचारते डीकनला," ती म्हणाली होती.

"डीकनला विचार," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

रविवारी उपासनेची सुरुवात मेब्रीच्याच प्रार्थनेने झाली. तो एका गुडघ्यावर बसला, खुर्चीच्या पाठीला धरून, आणि त्याचा तो जाडसर, मधाळ आवाज छतापर्यंत चढला. "हे प्रभू, आज सकाळी तू आम्हाला उठवलंस, आमचं अंथरूण आमची मरणशेज झालं नाही..." बायका डोलू लागल्या. लव्होनियाला त्या आवाजाखालचा पेपरमिंटचा ओलावा ऐकू येत होता. नंतर दानाचं ताट घेऊन तोच बाकांमधून फिरला. तीन वर्षं रिफंड आला की त्यातला दहावा हिस्सा तिने ह्याच ताटात, ह्याच हातांसमोर टाकला होता. आज ताट समोर आलं तेव्हा तिने ते शेजारच्या ओपलकडे नुसतं सरकवलं.

पाळक ग्रिम्स उभे राहिले. ग्रिम्स सुरुवातीला अगदी साधं बोलतात, जणू भाजी घेताना भेटलेला माणूस. त्यांनी ओक्मल्गी नदीवरच्या एका नावाड्याची गोष्ट काढली. नाव भरलेली, पलीकडे लग्न, लोक नटलेले. नावाड्याला तळाशी बोटाएवढं छिद्र दिसतं. तो काय करतो? टोपी काढतो, छिद्रावर ठेवतो आणि टोपीवर बसतो.

लोक हसले. ऑर्गनने एक बारीकसा सूर धरला. पाळकांचा आवाज त्या सुरावर पाय ठेवून चढायला लागला. वाक्यं आखूड झाली, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक खेच, एक श्वास. मग बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कुणालाच सांगता आलं नसतं. ज्याने हे एकदा ऐकलं त्याला जन्मभर दुसरं गाणं पुरत नाही. लव्होनिया बावीस वर्षं तिसऱ्या बाकावरून ह्या आवाजाची झील धरत आली होती. "सावकाश, पाळक, सावकाश!" असं तिने म्हटल्याशिवाय ग्रिम्स वर चढत नसत, अशी चर्चमध्ये थट्टा होती.

"पाणी आलं!" पाळक गायले.

"आलं!" लोक म्हणाले.

"तो म्हणाला, लाट होती!"

"बोला!"

"तो म्हणाला, नाव जुनी होती! नाव बांधणारा सुतार चोर होता! पण मी विचारतो, हाऽऽ, मी विचारतो, त्याला दिसलं होतं का?"

ऑर्गन थांबला. पाळकांनी सवयीने तिसऱ्या बाकाकडे पाहिलं.

"दिसलं होतं!" सगळं चर्च ओरडलं. लव्होनियाचे ओठ एकमेकांना चिकटले होते. जीभ टाळ्याला लागून राहिली, परक्या माणसाची असावी तशी.

ओपलने कोपर मारलं. "काय गं, घशात काटा अडकलाय?"

उपासनेनंतर चर्चच्या जेवणघरात ओपलने दोघींची ताटं वाढून आणली: तळलेली कोंबडी, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव. ओपल परीटघरात इस्त्री करायची आणि तिच्या तोंडाला कधीही फडकं बांधता यायचं नाही.

"तुलापण करखात्याचं पत्र आलं ना? लपवू नकोस. मला आलंय. मी म्हणे माशांचा धंदा करते! कॅटफिश! तळून विकते म्हणे आणि मला तोटा झालाय." ती हसता हसता खोकली. "अगं, माशाचा वास आला तर मी रस्ता ओलांडते. मेब्रीला सांगितलं मी, निदान केकचा धंदा लिहायचास मेल्या, चार लोकांनी विश्वास तरी ठेवला असता."

"हसतेस काय?"

"मग रडू? हे बघ, लायब्ररीत मंगळवारी ती वकीलबाई बसते, फुकट. आम्ही सहा जणी जाऊन आलो. सगळ्यांनी एकच सांगायचं: प्रार्थना चालू होती, डोळे मिटलेले होते. खोटं आहे का त्यात काही? न कळत झालं म्हटलं की घेतलेलं परत करायचं, हप्त्याहप्त्याने. कळून केलं म्हटलं की दंड केवढा, आणि कोर्टसुद्धा. डोळे मिटलेले होते, बस्स. देव साक्षीला आहे."

ओपल खरंच बोलत होती. ओपलचे डोळे मिटलेलेच असणार. ती प्रार्थनेत नाक शिंकरतानासुद्धा डोळे उघडत नाही.

लव्होनियाने मक्याच्या पावाचा तुकडा तोंडात घातला. तो चावता चावता ओल्या वाळूसारखा झाला. तिने तो कागदी रुमालात काढला आणि रुमालाची घडी घातली, पुन्हा घातली.

दुसऱ्या वर्षी तिने डोळे उघडले होते. मेब्रीने टेरेलचं नाव घेतलं तेव्हा. हात त्याच्या हातात होते, त्याची मान खाली होती, पडदा अर्धवट वळलेला होता. टेरेल टिस्डेल, तिथे लिहिलं होतं. नातं: मुलगा. घरात राहिलेले महिने: बारा. तिने ती ओळ दोनदा वाचली. बारा महिने. जणू मागच्या खोलीत त्याचे बूट आहेत, सकाळी तो दूध संपवून रिकामी बाटली फ्रिजमध्ये ठेवतो, हाक मारली तर 'काय आई' म्हणून ओरडतो. मग मेब्रीचा आवाज 'आमेन'कडे उतरायला लागला आणि तिने डोळे मिटले.

"जेव की," ओपल म्हणाली. "कोंबडीनं काय पाप केलंय?"

लायब्ररीतली वकील, मिस हॉलिस, तिशीची होती. केस मागे घट्ट बांधलेले. तिने तिन्ही वर्षांचे कागद पाहिले, रिकाम्या चौकोनाशी थांबली आणि ओठ मुडपले.

"हा माणूस पैसे घेऊन भरतो आणि आपलं नाव घालत नाही. हा त्याचा गुन्हा आहे, मिसेस टिस्डेल. त्याच्यावर होईल कारवाई."

"मग मी सुटले?"

"नाही." तिने ते हळू सांगितलं. "कागद कुणीही भरो. सही करणारा म्हणतो, मी हे वाचलं, हे खरं आहे. त्या माणसाच्या पदरात जे पडेल ते तुमच्यातून वजा होत नाही."

लव्होनियाने मान हलवली. हे तिला नवीन नव्हतं. चर्चमध्ये हे तिने वेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकलं होतं.

"मुलाचं नाव काढून दुरुस्त विवरण पाठवू, म्हणजे त्याचं अडलेलं सुटेल. सोबत तुमचं निवेदन. आता एकच प्रश्न. त्यात काय लिहिलंय हे सही करताना तुम्हाला माहीत होतं?"

लव्होनियाने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. कुणीतरी तिथे पेनने एक हृदय कोरलं होतं.

"आमच्यात प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटलेले असतात," ती म्हणाली.

"हो, बाकीच्या बायकांनीही सांगितलं. म्हणजे माहीत नव्हतं."

मिस हॉलिसची बोटं भराभर चालली. कळांचा तो आवाज. समोर बसलेलं कुणीतरी हुशार माणूस आपल्यासाठी काहीतरी लिहितंय, आपल्या भल्याचं, आणि आपण मुकाट बसलो आहोत. एवढं सोपं असतं हे. मेब्रीला तरी ह्याहून जास्त काय लागलं होतं?

"घरी न्या, शांतपणे वाचा," वकील म्हणाली आणि कागद पुढे केला. "पुढच्या मंगळवारी सही करून आणा."

त्याच दिवशी दुपारी चार वाजता, ऊन अजून स्वयंपाकघराच्या ओट्यावर असताना, तिने टेरेलला फोन लावला. चौथ्या घंटीला त्याने उचलला.

"तुझं काम होईल," ती म्हणाली. "तुझं नाव काढतायत. मंगळवारी लायब्ररीत वकीलबाई बसते, तिने माझं निवेदन लिहिलंय. सही पुढच्या मंगळवारी. वाचून दाखवू?"

"वाच."

तिने चष्मा लावला. नाव, पत्ता, वर्षं. सावकाश, शब्दाखाली बोट धरून. मग ती ओळ आली. "सही करतेवेळी मी प्रार्थनेत होते, माझे डोळे मिटलेले होते, आणि विवरणात माझ्या मुलाविषयी काय लिहिले आहे ह्याची मला कल्पना नव्हती, असं ह्यात लिहिलंय."

"ह्यात लिहिलंय म्हणजे?"

तिने कागदाची घडी घातली.

"आई, मी कागदाला विचारत नाहीये."

ओट्यावर सकाळच्या कॉफीचा डाग वाळला होता. ती नखाने तो खरवडू लागली.

"पहिल्या वर्षी मिटलेले होते," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी मी उघडले. पडद्यावर तुझं नाव होतं. पुढे होतं मुलगा. पुढे होतं, घरी बारा महिने." नख डागावर फिरत राहिलं. "मला ते पुसायला सांगवेना, टेरेल."

पलीकडे त्याने नाकाने श्वास घेतला, लांब. लहानपणी रडू आवरताना घ्यायचा तसा. तो विरघळतोय हे तिला कळलं. आता नुसतं थांबलं तरी पुरे होतं. सगळं तिच्या बाजूने वाहायला लागलं होतं.

"बारा महिने," तो म्हणाला. "एवढंच दिसलं तुला?"

तिने डाग खरवडणं थांबवलं. नखात तपकिरी भुगा भरला होता. तिने तो पाहिला.

"नाही. त्याच्यापुढची ओळपण दिसली. अपंग, स्वतःचं काही करता येत नाही, अशी. तीपण वाचली मी."

"आणि?"

"आणि डोळे मिटले. आणि सही केली. पुढच्या वर्षी परत केली. गाडीचा गिअरबॉक्स गेला होता."

तो हसला, पण ते हसणं नव्हतं. घशातून काहीतरी खरवडून काढल्यासारखा आवाज होता तो. मागून त्या बाईने विचारलं, "कोण आहे रे?" आणि ह्या वेळी त्याने फोनवर हात ठेवला नाही.

"आई आहे माझी," तो तिला म्हणाला. मग पुन्हा फोनमध्ये: "हे सांगितलंस का त्या वकिलीणबाईला?"

"नाही."

"सांगितलंस तर काय होईल?"

"दंड जास्त. कोर्टातपण नेतील कदाचित."

"आणि तो मेब्री?"

"त्याचं त्याला. माझ्यातलं काही कमी होत नाही त्याने."

कुठलंसं दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज आला. तो बाहेर आला असावा. वारा ऐकू येत होता.

"मंगळवारी बसते ना ती लायब्ररीत? किती वाजता?"

"दहाला."

"जाऊन ये," टेरेल म्हणाला. "सांगून झालं की फोन कर. आधी करू नकोस. अकराला माझी सुट्टी असते, पंधरा मिनिटं."